कंदिलाच्या ओळीची राहिलेली नोंद

वानखडे गुरुजींची आणि माझी पहिली गाठ पडली ती भांडणातून, आणि ते भांडण मी उकरून काढलेले होते. षष्ट्यब्दीच्या ग्रंथात असा आरंभ शोभत नाही, हे मला कळते. पण जे घडले ते आधी लिहा, शोभते की नाही ते मागाहून पाहा, असे गुरुजी आम्हांला नेहमी सांगत आले. त्यांच्याच गौरवाच्या लेखात त्यांचाच नियम मोडावा, हे मला बरे वाटत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. माझे यजमान पोस्टात. त्यांची बदली मेहकरला झाली आणि त्यांच्यामागोमाग मीही पुण्याहून तिथे आले, मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला. इथल्या मुलींची भाषा सुधारणे हेच आपले जीवितकार्य, असे मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकले. एके दिवशी सातवीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, मले हिव वाजून राह्यलं."

मी म्हटले, "मले नाही, मला. हिव नाही, थंडी. वाजून राह्यलं नाही, वाजते आहे. पुन्हा म्हण."

तिने तीनदा म्हटले. तिसऱ्या वेळी अगदी शुद्ध म्हटले आणि मटकन खाली बसली. गुरुजी शेजारच्या वर्गावर होते. ते धावत आले, तिच्या कपाळाला हात लावला आणि टांगा मागवून स्वतः तिला घरी पोचवून आले. मधल्या सुट्टीत ते माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही तिचं वाक्य दुरुस्त केलं, बरंच केलं. पण ती काय सांगून राह्यली होती, ते ऐकलं काय?"

मी तोंडाची फटकळ. म्हटले, "मग शिक्षिकेनं अशुद्ध चालवून घ्यायचं की काय?"

"हाव, तेही खरंच," गुरुजी म्हणाले. "पण पोरगी तापली होती ना."

आवाजात राग असता तर मी उलट बोलले असते. राग नव्हता, म्हणूनच ते जास्त झोंबले. घरी जाऊन मी यजमानांना सांगितले, की इथल्या एका मास्तरांना फारच शिंगे फुटलेली आहेत. सगळे ऐकून घेऊन यजमानांनी एवढेच विचारले, "मुलीला ताप होता की नव्हता?" मी भाकरी थापत राहिले.

गुरुजी शाळेत इतिहास शिकवीत, पण त्यांचा खरा व्याप शाळेबाहेरचा होता. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू वर घेऊन त्यांनी जाड दोऱ्याने वह्या शिवल्या होत्या. त्यांत ओव्या होत्या, उखाणे होते, कोडी होती, बैलांना हाकायचे शब्द होते. आणि त्यांतच, त्याच अक्षरात, बाजारातल्या आरोळ्या आणि दुकानांच्या भिंतींवर रंगवलेल्या ओळीही होत्या. प्रत्येक ओळीखाली गुरुजी लिहीत: कोणी सांगितली, त्यांना कोणी सांगितली, कोणत्या वेळी म्हणतात. सांगणाऱ्याने आपले सांगणे संपवले की गुरुजी मान डोलवून हटकून विचारीत, "अन् त्याईले कोनं सांगतलं?"

या प्रश्नाची शाळेत फार थट्टा चाले. उद्या सुट्टी आहे असे कोणी म्हणाले, की दुसरे कोणी गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "अन् त्याईले कोनं सांगतलं?" गुरुजी स्वतःही हसत. हसून झाले की पुन्हा तोच प्रश्न, दुसऱ्या कोणाला तरी.

लिहून झाल्यावर ते सांगणाऱ्याला सारे वाचून दाखवीत. एकदा देवळाच्या पायऱ्यांवर भाजी विकणाऱ्या एका बाईंकडून त्यांनी एक ओवी घेतली. मी सोबत होते. वाचून दाखवल्यावर त्या बाई म्हणाल्या, "मास्तर, तुमी लयच गोड करून लेहलं. म्या असं नाई म्हनलं." ओवी खरोखरच गुरुजींनी लिहिली तशी जास्त बरी वाटत होती. गुरुजींनी ती खोडली आणि बाईंनी म्हटली तशी पुन्हा लिहिली. मला वाटले, काय हा वेडेपणा! तेव्हा मला एवढेच कळत होते.

पुढे जिल्ह्यातली लोकगीते आणि म्हणण्याच्या ओळी गोळा करून त्यांचे एक पुस्तक काढायचे ठरले. त्यासाठी तिघांची समिती झाली. मेहकरचे एक वयोवृद्ध वकील अध्यक्ष, गुरुजी सभासद, आणि बायकांकडून गाणी मिळवायला बाई हवी म्हणून मी. गुरुजींनीच माझे नाव सुचवले होते. भाषा सुधारायला आलेली मी आता तीच भाषा वहीत उतरवीत गावोगाव फिरू लागले, आणि खोटे कशाला बोलू, मला ते आवडू लागले.

मोताळ्याकडे रोहिणखेड आहे. तिथे जुन्या मशिदीच्या वाटेवर यमुनाबाई म्हणून एक म्हातारी राहायची. दिवेलागणीला मी तिच्या घरी बसले होते. शाईच्या बाटलीला पत्र्याचे झाकण आणि झाकणातून वात, अशी तिची चिमणी. ती तिने पेटवली, देवाजवळच्या कोनाड्यात ठेवली आणि हात जोडून म्हणाली,

"वारा येवो, वावधन येवो,
माह्या घरचा दिवा राहो."

वावधन म्हणजे वादळवारा. मी विचारले, हे कोणी शिकवले? "माह्या सासूनं," यमुनाबाई म्हणाली. "ते रोज म्हने." मी ती ओळ लगेच वहीत उतरवली. त्या रात्रीपासून दोन दिवस खपून मी त्या दोन ओळींवर दोन पानांची टीप लिहिली. या भूमीतल्या स्त्रियांचे हे अनादि मागणे आहे, पिढ्यान्‌पिढ्या सासूकडून सुनेकडे आलेले आहे, याची भाषा पाहता हे यादवकाळाच्याही मागे जात असावे, वगैरे वगैरे. सासूला कोणी सांगितले, हे मी यमुनाबाईला विचारलेच नव्हते.

समितीपुढे मी ती टीप वाचली. वकीलसाहेबांना ती फारच आवडली. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ही ओळ आणि ही टीप घालायची, असे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले. बाहेर पडताना गुरुजी मला म्हणाले, "बाई, येत्या बाजाराच्या दिवशी अमडापूरले येता काय? एका माणसाची गाठ घालून देतो."

चिखलीला गाडी बदलून आम्ही अमडापूरला गेलो. बाजार भरलेला होता. एका कडुनिंबाखाली गोणपाटावर जुने डबे, कंदील, शेगडी असे सामान मांडून लतीफभाई बसले होते. गळक्या डब्यांना आणि कंदिलांना डाग देऊन सांधण्याचे त्यांचे काम. गुरुजींनी माझी ओळख करून दिली आणि म्हणाले, "लतीफभाई, ते कंदिलाचं म्हना बरं."

लतीफभाईंनी डाग द्यायची सळई बाजूला ठेवली, एक कंदील हातात उंच धरला आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वारा येवो, वावधन येवो, माह्या घरचा दिवा राहो! या बाप्पा या, कंदील घ्या!"

मी वही मिटली.

लतीफभाई सांगत होते. "जर्मनची लढाई सरली, बाई. घासलेट पुन्हा भेटू लागलं. इथं एक सेठ होते, त्याईनं कंदील आनले गाडीभर. मले म्हने, लतीफ, तुहा आवाज मोठा हाय, काई तरी तारीफ बनव. म्या हे बनवलं. चार-पाच बाजार वरडलो. सारे कंदील गेले."

म्हणजे माझे अनादि मागणे विसेक वर्षांचे होते. बाजारात कंदील खपवायला केलेली ती जाहिरात होती. यमुनाबाईच्या सासूने ती कुठल्या तरी बाजारात ऐकली असणार, किंवा ऐकणाऱ्याकडून ऐकली असणार. सासू रोज म्हणायची हे खरेच होते. खोटी होती ती माझी टीप. इतक्यात लतीफभाईंनी गुरुजींना विचारले, "गुरुजी, किताबात माहं नाव येईन काय?" गुरुजी म्हणाले, "मी सांगून पाहतो."

ते ऐकायला मी थांबले नाही. "मला उशीर होतो," म्हणून मी तडक गाडीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. गुरुजींना माझ्यामागे यावे लागले. वाटेत मी एकच बोलले, "ती ओळ काढून टाका."

"काऊन?" गुरुजी म्हणाले. "ओळ काही खोटी ठरली नाही. टीप काढा, ओळ राहू द्या. खाली लतीफभाईचं नाव लिहू."

"जाहिरात आहे ती, गुरुजी!"

"हाव. पण तो सेठ दुकान उचलून कधीच निघून गेला. ते कंदील मोडले. यमुनाबाईंच्या घरी तर कंदील कधी आलाच नाही, त्या चिमणीपुढे म्हणतात. बाजारात रोज कितीक आरोळ्या होतात. माल संपला की आरोळी संपते. ही संपली नाही. ती काऊन संपली नाही, हेच तर पुस्तकानं सांगावं ना?"

पुढच्या बैठकीत गुरुजींनी हेच मांडले. मी फसले होते हे त्यांनी एका शब्दानेही काढले नाही. "बाईंनी आणलेल्या ओळीचा कर्ता सापडला आहे," अशा शब्दांत त्यांनी ते सांगितले, जणू मी काही शोधच लावला होता. वकीलसाहेब मात्र भडकले. ते काही लहान मनाचे गृहस्थ नव्हते आणि त्यांचे म्हणणेही टाकाऊ नव्हते. ते म्हणाले, "गुरुजी, आज कंदीलवाला आला, उद्या विडीवाला येईल, परवा साबणवाला येईल. यांच्या धंद्याला आपण संस्कृती म्हणायचं? देवघरात दुकान मांडायचं?"

गुरुजी म्हणाले, "दुकान देवापाशी यमुनाबाईंनी नेलं, साहेब. आपण नाही नेलं. विडीची ओळ कोणी दिव्यापुढे हात जोडून म्हणू लागलं, तर आपल्याला तीही लिहा लागन. आणि नाही म्हटली, तर कशाला लिहायची? लोकांनी जे ठेवून घेतलं ते आपण लिहून ठेवावं, एवढंच माझं म्हणणं."

"आणि तुमचं मत, बाई?" वकीलसाहेबांनी मला विचारले.

एक विरुद्ध एक झाले होते. आता मी सांगेन तसे होणार होते. गुरुजींचे म्हणणे मला पटले होते, हे मी आज लिहून देते. पण ओळ राहिली असती तर खाली लतीफभाईंचे नाव आले असते, नाव आले असते तर माझी यादवकाळाची टीप कुठे गेली असे चार लोकांनी विचारले असते, आणि पुण्याच्या बाईंनी कंदिलाच्या जाहिरातीला आरती ओवाळली ही गोष्ट मेहकरात वर्षभर पुरली असती. ओळच गेली तर सगळेच झाकून जाणार होते. मी म्हटले, "जाहिरात ती जाहिरातच. काढून टाकावी."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. त्यांना कळले होते, आणि त्यांना कळले हे मलाही कळले. ते म्हणाले, "ठीक आहे. समितीचा निर्णय मला मान्य आहे." कागद गोळा करताना म्हणाले, "मी अमडापूरले जाऊन येतो. त्याईले सांगा लागन." मी सोबत येते, असे मी म्हटले नाही.

पुस्तक निघाले, चांगले निघाले. त्यातले बरेचसे श्रम गुरुजींचे होते आणि प्रस्तावनेत त्यांनी माझे नाव आपल्या नावाआधी घातले. त्या ओळीचा विषय त्यांनी पुन्हा कधीही काढला नाही. माझी आई मेहकरला शेवटच्या आजारात असताना हेच गुरुजी रोज संध्याकाळी येऊन बसत, आईकडून तिच्या माहेरची, कोकणातली गाणी ऐकत, आणि आईलाही विचारीत, "अन् त्याईले?" आई म्हणायची, या माणसाशी बोलले की आपण कोणी तरी आहोत असे वाटते. आई गेल्यावर गुरुजींनी ती गाणी स्वच्छ लिहून माझ्या हातात ठेवली. प्रत्येक गाण्याखाली माझ्या आईचे नाव होते आणि त्याखाली माझ्या आजीचे. ते पान हातात धरून मी ढसाढसा रडले. आईसाठी रडले, आणि लतीफभाईंसाठीही.

त्यानंतर आमची बदली बुलढाण्याला झाली. वर्षे गेली. या गौरवग्रंथासाठी लेख मागणारे पत्र गेल्या महिन्यात आले, तेव्हा मी लिहायला बसले आणि माझ्याने एक ओळ लिहवेना. शेवटी बाजाराचा दिवस पाहून मी अमडापूरची गाडी पकडली.

कडुनिंबाखाली लतीफभाई होते. नजर अधू झाली आहे, डाग देण्याचे काम आता मुलगा करतो. मी नाव सांगताच म्हणाले, "त्या रागं रागं निघून गेल्त्या त्याच ना तुमी?"

मी म्हटले, "होय, त्याच."

"गुरुजी पुन्हा आले होते ना. म्हने, लतीफभाई, किताबात जागा पुरली नाही. म्या म्हनलं, गुरुजी, एकच तं ओळ हाय, तिले कितीक जागा लागते? गुरुजी काईच नाई बोलले. चहा मांगवला होता, तो तसाच थंडा झाला."

म्हणजे माझे नाव गुरुजींनी तिथेही घेतले नव्हते. माझ्या भित्रेपणाचा दोष त्यांनी पुस्तकाच्या पानांवर ढकलला आणि त्या साध्या प्रश्नापुढे स्वतः गप्प बसून राहिले. मी लतीफभाईंना खरे काय ते सांगितले. जागा होती, मीच नको म्हटले होते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "जाऊ द्या बाई. लोकं म्हनतात ना अजून?"

मी वही उघडली आणि त्या दिवशी राहिलेला प्रश्न विचारला. "लतीफभाई, ही ओळ तुम्हाले कोनं सांगतली?"

"कोन सांगन? म्याच बनवली." मग कंदिलाची काच पुसता पुसता ते म्हणाले, "आमची अम्मा, बाई. वारा आला का दिव्याले दोन्ही हातांचा आडोसा करे अन् म्हने, अल्ला, इतना दिया रहने दे. सेठनं तारीफ मांगतली, तं मले तेच आठवलं. वारा अन् वावधन म्या जोडलं."

"अन् त्याईले?"

लतीफभाई हसले. "अम्माले? ते मले काय मालूम? ते तं गेली. पन माही खाला हाय अजून, अम्माची लहानी बहीन. मेहकरलेच राह्यते. तिले इचारा."

जाहिरातीची ओळ नोंदवण्याजोगी असते का, हा वाद आमच्या समितीत झाला तेव्हा आम्हा तिघांनाही वाटत होते की ओळ दुकानात जन्मली. ती दुकानात नुसती थांबली होती. एका घरातल्या दिव्यापाशी निघाली, बाजारातून फिरली आणि दुसऱ्या घरातल्या दिव्यापाशी गेली. गुरुजींच्या पुढच्या प्रश्नाला हे त्याच दिवशी सापडले असते. आरोळी त्यांनी पूर्वी बाजारात नुसती ऐकलेली होती; तो प्रश्न विचारायची सवड त्यांना मिळाली नाही, कारण मी रागाने थांब्यावर जाऊन उभी होते.

या ग्रंथाच्या संपादकांना माझी विनंती आहे, की पुढच्या ओळी जशाच्या तशा छापाव्यात. त्यांना फार जागा लागत नाही.

ओळ: वारा येवो, वावधन येवो, माह्या घरचा दिवा राहो.
कोणी सांगितली: यमुनाबाई, रोहिणखेड.
त्यांना कोणी सांगितली: त्यांच्या सासूबाईंनी. सासूबाईंना कोणी, हे विचारायचे राहिले; चूक माझी.
कोणी केली: लतीफभाई, अमडापूर. कंदील विकण्यासाठी, लढाई संपल्यावर.
त्यांना कोणी सांगितली: त्यांच्या अम्मांनी, निराळ्या शब्दांत.
कोणत्या वेळी म्हणतात: दिवा लावताना.
अम्मांना कोणी सांगितली:

शेवटची जागा मी मुद्दाम मोकळी ठेवली आहे. गुरुजी, साठी म्हणजे काही फार वय नव्हे. तुमचे पाय असेच चालते राहोत, कान असेच तिखट राहोत आणि उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू तुम्हांला कधी कमी न पडोत, अशी मी मनापासून प्रार्थना करते. लतीफभाईंच्या खाला मेहकरातच आहेत, आणि त्यांचेही बरेच वय झाले आहे. हा समारंभ आटोपला की आपण दोघे त्यांच्याकडे जाऊ. प्रश्न तुम्ही विचारा, मी लिहून घेईन, आणि या वेळी उठून जाणार नाही.